माळावरच्या गवताची बाजू

बिदर, भालकी, बसवकल्याण, आळंद, कलबुर्गी या पट्ट्यात अलीकडे बांधलेल्या घरांच्या फाटकाजवळ एक गवत वारंवार दिसू लागले आहे. कमरेइतकी उंची, चहूबाजूंनी झुकलेली बारीक पाती आणि टोकाला मांजराच्या शेपटीसारखे मऊ तुरे. रोपवाटिकेत त्याला फाउंटन ग्रास म्हणतात. त्याच्या जोडीला पांढऱ्या मोठ्या तुऱ्यांचे पंपास ग्रास सुचवले जाते आणि पुढच्या मोकळ्या जागेत अंथरायला मेक्सिकन लॉन. घराची सजावट करणारे, रोपे विकणारे आणि बागकामाचे सल्लागार या गवतांची बाजू एकाच सुरात मांडतात. पाणी कमी लागते, निगा लागत नाही, गुरे तोंड लावत नाहीत, कीड येत नाही, तुरे महिनोन्‌महिने टिकतात. कमी पावसाच्या जिल्ह्यातल्या माणसाला आणखी काय हवे?

हा युक्तिवाद ऐकायला बिनतोड वाटतो. तो मुळातच चुकीचा आहे असे माझे म्हणणे आहे, आणि तो आपल्या भागात जितका रुजेल तितके नुकसान वाढेल अशी मला खरी भीती आहे. बागेत शोभेचे गवत लावूच नये असे मी म्हणत नाही. लावावेच. पण ते निवडायचे असेल तर आपल्या माळावरून आणि शेताच्या धुऱ्यावरून निवडावे.

पहिला आक्षेप ठरलेला आहे. एका घराच्या कुंडीतल्या एका ठोंबाने असे काय बिघडणार? याचे उत्तर आपल्या देशाने दोनदा दिलेले आहे. घाणेरी, म्हणजे टणटणी, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात आणली गेली ती तिच्या रंगीत फुलांच्या गुच्छांसाठी. आज देशातल्या जंगलांत तिने लाखाहून अधिक चौरस किलोमीटरचा पसारा मांडला आहे. जलपर्णीही त्याच शतकाच्या अखेरीस जांभळ्या फुलांच्या हौसेपायी बंगालमध्ये आली. आता महाराष्ट्र-कर्नाटकातल्या किती नद्या आणि तळी तिने झाकली आहेत, हे प्रत्येकाने स्वतः पाहिले आहे. दोन्ही वेळा सुरुवात बागेतूनच झाली, आणि दोन्ही वेळा लावणाऱ्यांचा हेतू निर्मळ होता.

फाउंटन ग्रासच्या बाबतीत तर अंदाज बांधायचीही गरज नाही. ते मूळचे उत्तर आणि पूर्व आफ्रिकेच्या व अरबस्तानाच्या कोरड्या भागातले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते हवाई बेटांवर शोभेसाठी गेले. तिथल्या मोठ्या बेटाच्या कोरड्या बाजूला, लाव्हाच्या काळ्या खडकावर, आज मैलोन्‌मैल तेच उभे आहे. त्याचे बी हलके, केसाळ. वाऱ्याने जाते, गाडीच्या चाकांबरोबर जाते, कपड्यांना चिकटूनही जाते. वाळलेली पाती बुंध्याशी तशीच साचून राहतात आणि ठिणगी पडली की भडकतात. आग विझल्यावर हे गवत त्याच ठोंबातून पुन्हा फुटते. ज्या स्थानिक झाडांना आगीची सवय नाही ती मात्र परत उठत नाहीत. असे फेरे होत होत तिथली कोरडी वने आक्रसत गेली. युरोपीय संघाने २०१७ साली हे गवत घातक परकीय प्रजातींच्या यादीत घातले. तिथे आता ते विकता येत नाही आणि लावताही येत नाही.

हवाईच्या या कथेतला एक तपशील आपल्या भागातल्या प्रत्येक बागप्रेमी माणसाला सांगावा असे मला वाटते. फाउंटन ग्रासने तिथे ज्या गवताची जागा घेतली, त्याला ते लोक पिली म्हणतात. शेकडो वर्षे त्यांनी आपली घरे याच गवताने शाकारली. आता तिथले अभ्यासक आणि संवर्धक ते पुन्हा रुजवण्यासाठी धडपडत आहेत, परदेशी गवत उपटून त्या जागी पिलीचे बी टाकत आहेत. हे पिली म्हणजे हेटेरोपोगॉन कॉन्टॉर्टस, आपली कुसळी. बिदरच्या जांभ्याच्या पठारावर, औरादच्या बरड माळावर, चिंचोळीच्या टेकड्यांच्या उतारावर कुणीही न पेरता उगवणारी, पायाला टोचते म्हणून आपण जिला शिव्या देतो ती कुसळी. तिथले लोक जे परत मिळवण्यासाठी झटत आहेत ते आपल्याकडे अजून फुकट उभे आहे. आणि ज्याने ते त्यांच्याकडून हिरावले, ते आपण रोपवाटिकेतून पैसे देऊन घरी आणतो आहोत.

आता त्या ‘गुणां’कडे वळू. गुरे तोंड लावत नाहीत, हे फाउंटन ग्रासचे वैशिष्ट्य म्हणून सांगितले जाते. एका बागेपुरते पाहिले तर ते सोयीचे आहे, मान्य. पण हेच गवत फाटकाबाहेर पडून गायरानात शिरले की काय होईल? कोणी ते कापणार नाही, कोणी त्यावर चारणार नाही. फेब्रुवारी-मार्चपर्यंत सगळा वाळलेला पाला जागच्या जागी उभा राहील, नेमका आग लागण्याच्या दिवसांत. कुसळीही जळते, हे खरे आहे. मी ते लपवत नाही. पण कुसळी कोवळी असताना जनावरे खातात, पवना आणि मारवेल ही आपली गवते कापून गंजी लावतात. म्हणजे जळण्याआधीच गवत पोटात किंवा गंजीत जाते. आपला हा भाग देवणी गुरांचा आहे. देवणी तालुका लातूरचा असला तरी ही जात सीमेच्या दोन्ही बाजूंना वाढली. बिदर जिल्ह्यातल्या हळ्ळीखेडला तिच्या पैदाशीचे केंद्र आहे आणि कर्नाटकाचे पशुवैद्यकीय विद्यापीठही बिदरलाच आहे. वाणेरा, बालंक्या, शेवरा हे देवणीचे रंगप्रकार घरातल्या माणसांसारखे ओळखणाऱ्या लोकांच्या मुलखात गुरे खात नाहीत ही गवताची लायकी ठरावी, याचे मला फार वाईट वाटते.

निगा लागत नाही हाही असाच दुधारी गुण आहे. ज्या रोपाला आपल्या उन्हात पाणी लागत नाही, आपली कीड लागत नाही, आपली जनावरे ज्याला तोंड लावत नाहीत आणि जे वाऱ्यावर बी सोडते, ते रोप कुंपणाच्या आत का थांबेल? बागेला सोयीचे असलेले हे गुणच माळाला घातक आहेत. चिंचोळीचे वन २०११ मध्ये अभयारण्य झाले. ते कोरडे पानगळीचे जंगल आहे. त्याच्याभोवतीच्या गावांत आणि रस्त्यांच्या दुभाजकांवर आपण काय लावतो, याचा त्या जंगलाशी थेट संबंध आहे.

इथे एक प्रतिवाद येतो आणि तो रास्त आहे: जांभळ्या पानांचे फाउंटन ग्रास बहुतांशी वांझ असते, त्याला रुजणारे बी क्वचितच येते. हे बरोबर आहे. ज्यांच्या अंगणात ते जांभळे गवत आहे त्यांनी ते उपटून टाकावे असे मी म्हणणार नाही. पण रोपवाटिकेत हिरवे आणि जांभळे एकाच नावाखाली विकले जाते. पिशवीवर शास्त्रीय नाव नसते, आणि विकणाऱ्याला विचारले तर दोन्ही एकच असे उत्तर मिळते. फरक ज्याला ओळखता येतो त्याच्यापुरता हा मुद्दा खरा आहे. बाकीच्यांनी हिरवे घेऊ नये. पंपास मूळचे दक्षिण अमेरिकेतले. एका मोठ्या तुऱ्यात लाखभर बिया धरणारे हे गवत कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर डोकेदुखी होऊन बसले आहे. त्याबद्दल अधिक लिहीत नाही.

दुसरा एक प्रतिवाद मला अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण तो सुशिक्षित माणसे करतात. परके म्हणून एखाद्या झाडाला नाकारणे हा आंधळा अभिमान नव्हे काय? आपली ज्वारी आफ्रिकेतून आली, मिरची आणि मका अमेरिकेतून आले, पेरू, सीताफळ, पपई सगळे बाहेरचे. सीमाभागात राहणाऱ्या माणसाने तर आपले-परके हा शब्द जपून वापरायला हवा. भाषेवरून आणि हद्दीवरून झालेला त्रास आम्ही पिढ्यान्‌पिढ्या पाहिला आहे. १९५६ साली जुना बिदर जिल्हा तीन राज्यांत वाटला गेला, तेव्हा उदगीर एकीकडे आणि भालकी दुसरीकडे गेली. माळाला मात्र ती रेघ कधी कळली नाही. म्हणून स्पष्ट सांगतो, मी जन्मस्थानावरून रोपांची जात ठरवत नाही. ज्वारी माणसाने पेरल्याशिवाय टिकत नाही. रान सोडा, पुढच्या हंगामात तीच शेतातही राहत नाही. परके असणे हा दोष नाही. आपल्या हाताबाहेर जाऊन दुसऱ्याची जागा गिळणे हा दोष आहे, आणि तो दोष देशी गवतातही असू शकतो. कुंदा इथलाच आहे, पण काळ्या रानात त्याच्या मुळ्या खोल जातात आणि तो खणून काढताना शेतकऱ्याची कंबर मोडते. नदीकाठचा कास पावसाळ्यानंतर पांढऱ्या तुऱ्यांनी डोळे दिपवतो, पण जमिनीखालून असा पसरतो की छोट्या बागेत तो आणणे म्हणजे बाकीची बाग सोडून देणे. लव्हाळ्याबद्दल सांगायलाच नको. ही तिन्ही मी कुणाला सुचवणार नाही.

या संदर्भात बाजरीचा विचार कोणी करत नाही याचे मला आश्चर्य वाटते. बाजरी आणि फाउंटन ग्रास वनस्पतिशास्त्रात एकाच पेनिसेटम गटातली. अमेरिकेत जांभळ्या पानांची, काळसर कणसांची बाजरी शोभेचे रोप म्हणून विकसित झाली आणि ‘पर्पल मॅजेस्टी’ या नावाने तिला २००३ मध्ये तिथल्या बागायती निवडीचे सुवर्णपदक मिळाले. ज्याला तुरेच हवे आहेत त्याने जूनमध्ये कुंपणाजवळ साध्या बाजरीची एक ओळ टाकावी. तिचे कणीस भरताना पाहावे, चिमण्या आणि मनोल्या त्यावर झोंबताना पाहाव्यात. हंगाम संपला की ती संपते. कुणाच्या जमिनीवर तिचा दावा नाही.

जगभर आता गवतांच्या बागा केल्या जातात, हा दाखला सतत दिला जातो. दाखला बरोबर आहे, निष्कर्ष चुकतो. जर्मनीत कार्ल फॉर्स्टर यांनी आणि नंतर नेदरलँड्सचे पीट आउडॉल्फ यांनी गवताला बागेत मानाचे स्थान दिले. आउडॉल्फ यांनी झाडे योजलेली न्यूयॉर्कची हाय लाइन ही उंच रेल्वेमार्गावरची बाग २००९ साली खुली झाली. त्या मार्गावरून गाड्या बंद पडल्यानंतर रुळांच्या खडीत आपोआप जे गवत, जी रानफुले उगवली होती, त्यांच्याकडे पाहून ती बाग आखली गेली. तिच्यात अमेरिकेच्या गवताळ मैदानांतली गवते भरपूर आहेत. म्हणजे त्या लोकांनी आपल्या दाराशी उगवणारे, कोणी न विचारणारे गवत उचलले आणि त्याची बाग केली. आपण त्यांची छायाचित्रे पाहतो आणि त्यांच्यासारखी नजर घेण्याऐवजी त्यांची रोपे मागवतो. बिदरच्या माळाकडे पाहून कोणी बाग आखली असे मी अजून ऐकलेले नाही.

तो माळ पाहण्यासारखा आहे. येळवशीला, म्हणजे वेळा अमावस्येला, कुटुंबे रानात जातात, कोपीत पूजा होते, अंबील आणि भज्जी होते. त्या दिवसांत ज्वारीच्या हिरव्या रानापलीकडे बघा. कुसळी तांब्याच्या रंगाची झालेली असते, तिच्या काळ्या कुसळांचे पीळ एकमेकांत अडकलेले असतात. डोंगरी गवत सोनेरी असते आणि त्याच्या कणसातल्या तपकिरी केसांच्या झुबक्यांवर उन्हाची तिरीप पडली की ते लांबून ओळखू येते. तिखाडी, म्हणजे रोशा, पिकल्यावर लालसर होते. पान चुरगळले की हाताला वास राहतो, आणि याच गवताचे तेल खानदेश-निमाडातून एके काळी दूरच्या अत्तरबाजारात जात असे. मारवेलची बोटांसारखी फुटलेली जांभळट कणसे बांधावर डुलत असतात. असा माळ देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशांत पडीक म्हणून नोंदला जातो. काळवीट त्याच्यावर जगते, चंडोल त्याच्यात घरटे करतो, तरी तो पडीक. ज्याने आपल्या अंगणात कुसळीचा एक ठोंब वर्षभर वाढताना पाहिला आहे, तो माणूस त्या नकाशाला सहजासहजी मान डोलावणार नाही. माझ्या दृष्टीने या लावणीचे हे फार मोठे मोल आहे.

निवड करताना पहिली गोष्ट पाहायची ती माती. बिदर शहर जांभ्यावर वसलेले आहे. तांबडी, पाण्याचा झटकन निचरा होणारी, उथळ जमीन. इथे कुसळी आणि डोंगरी खुशाल राहतात. त्यांना शेणखत घालू नये. पोसले की ती लोळतात आणि रंगही नीट धरत नाहीत. पठार उतरले की काळी लागते. भालकीची, अफजलपूरची, जेवर्गीची काळी, पावसात चिकट आणि उन्हाळ्यात हातभर भेगा पडणारी. तिथे मारवेल आणि पवना लावावा. मारवेलच्या पेऱ्याभोवती पांढऱ्या केसांचे कडे असते, त्यावरून तो लहान मुलालाही ओळखता येतो. कलबुर्गीच्या बाजूला बहुतेक अंगणात शहाबादी फरशी असते, आणि मे महिन्यात पारा चव्वेचाळीसच्या आसपास गेला की त्या फरशीची धग शेजारच्या वाफ्याला भाजते. फरशीच्या कडेला वाळा लावावा. त्याची पाती पुरुषभर उंच जातात, मुळे सरळ खाली तीन मीटरपर्यंत उतरतात आणि आजूबाजूला हातपाय पसरत नाहीत. दक्षिणेत लागवडीत असलेला वाळा बियांनी पसरत नाही, ठोंब फोडूनच लावावा लागतो. कर्नाटकात गुंडलुपेटकडच्या शेतकऱ्यांनी तो पिढ्यान्‌पिढ्या शेताच्या हद्दीवर लावला. १९८० च्या दशकात जागतिक बँकेच्या लोकांनी तो पाहिला आणि मग माती अडवण्यासाठी तो अनेक देशांत गेला. उन्हाळ्यात माठात टाकायला चार मुळ्या मिळतात, ते वेगळेच.

कुसळीची अडचण मी टाळत नाही. तिचे कुसळ ओले झाले की पीळ सोडते, वाळले की पुन्हा पीळ घेते, आणि असे वळत-उलगडत ते बी मातीत खुपसते. रचना थक्क करणारी आहे, पण तेच कुसळ मुलांच्या मोज्यांत आणि मेंढीच्या कातडीतही शिरते. म्हणून ती वाटेच्या कडेला लावायची नाही. मागे, भिंतीलगत, हात न पोचेल अशा जागी लावायची आणि कुसळे झडू लागण्याआधी तुरे कापून घ्यायचे. सापांची भीतीही घातली जाते. साप येतो तो उंदरांमागे, आणि उंदीर येतात ते सांडलेल्या धान्यामागे आणि अडगळीमागे. ठोंबांत दोन हात अंतर ठेवले, खालची माती मोकळी ठेवली आणि फेब्रुवारीत सगळे गवत वीतभर ठेवून कापले, तर सापाचीही धास्ती नाही आणि आगीचीही. कापलेले गवत गल्लीतल्या एखाद्या गायीला द्यावे.

राहिली लॉन. इथे पाणी कमी लागते हा दावाही टिकत नाही. हजार चौरस फूट लॉनला उन्हाळ्यात दिवसाला फक्त ५ मिलिमीटर पाणी धरले तरी ते साडेचारशे लिटरांच्या वर जाते. महिन्याला जवळपास १४,००० लिटर, म्हणजे पाच हजारांचे तीन टँकर. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले. ते लातूर आपल्या शेजारी आहे आणि तोच पाऊस आपल्यावर पडतो. बिदरला तर याबाबत कारण सांगायला तोंडच नाही. बहमनी काळात इथल्या लोकांनी जांभ्यात मुरलेले पाणी नौबादच्या कारेजमधून, जमिनीखालच्या बोगद्यातून, शहराच्या दिशेने आणले. त्याच जांभ्यात आज बोअर मारून आपण ते पाणी पायाखालच्या हिरव्या चादरीवर ओततो. मुलांना खेळायला हिरवळ हवी असेल तर हरळी आहे. ती उन्हाळ्यात पिवळी पडेल, पहिल्या वळवानंतर पुन्हा हिरवी होईल. चार महिने पिवळी बाग चालत नाही, असे ज्यांना वाटते त्यांनी आपल्या शिवाराकडे पाहावे. तेही चार महिने पिवळेच असते, म्हणून ते कुरूप ठरत नाही.

शेवटचा आक्षेप व्यावहारिक आहे: ही गवते विकत मिळत नाहीत. खरे आहे, आणि माझी खरी तक्रार इथेच आहे. बिदरला उद्यानविद्या महाविद्यालय आहे, पशुवैद्यकीय विद्यापीठ आहे. धारवाडला झाशीच्या चारा संशोधन संस्थेचे दक्षिणेतले केंद्र आहे. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने मारवेलचे ‘फुले मारवेल ०६-४०’ सारखे वाण काढले, चाऱ्यासाठी. ब्लॅटर आणि मॅककॅन यांनी मुंबई इलाख्यातल्या गवतांवर ग्रंथ लिहिला त्याला १९३५ पासून आज नव्वद वर्षे झाली. ज्ञान आहे, बी आहे, माणसे आहेत. कुसळी, डोंगरी, पवना, मारवेल, तिखाडी यांची रोपे पिशवीत भरून, नाव लिहून, सदाफुलीच्या दरात विकायला ठेवणारी एकही सरकारी रोपवाटिका मात्र माझ्या पाहण्यात नाही. रस्त्यांच्या दुभाजकांसाठी निविदा काढणाऱ्या नगरपालिकांनी त्यांत फाउंटन ग्रास आणि पंपास चालणार नाही एवढी एक ओळ घातली, तर रोपे वाढवणारे आपोआप इकडे वळतील.

तोवर वाट पाहत बसायची गरज नाही. दिवाळीनंतर ओळखीच्या शेतकऱ्याच्या धुऱ्यावर जा, त्याला विचारा, पिकलेले तुरे कागदाच्या पिशवीत घ्या. वनखात्याच्या जमिनीतून काही उपटू नका. बी कोरड्या जागी ठेवा आणि मृगाचा पहिला पाऊस झाला की कुसळ काढून मातीवर विसकटा, वरून बोटभर माती ओढा. मारवेल आणि वाळ्याचे ठोंब जुलैत फोडून लावा. पहिल्या वर्षी फारसे काही दिसणार नाही. मुळे खाली जात असतात. दुसऱ्या वर्षीच्या गणपतीपर्यंत तुरे येतील.